पाहुण्यांचे भिंग

"बुवा, माझा डोंगर झाला का?"

निरंजनबुवांनी कागद हातात घेतला. ते मठाच्या गच्चीवर, कठड्याला टेकून बसले होते. पाठीवर उतरते ऊन होते. त्यांनी कागद आधी लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला, मग आडवा केला.

"भोवती काय आहे?"

"काही नाही," श्रीपती म्हणाला. "सपाट मैदान."

"मग नाही झाला."

बुवांनी कागद परत दिला आणि शेजारच्या पेल्यातला निवलेला चहा पिऊन टाकला.

श्रीपती तिथेच उभा राहिला. हा प्रश्न त्याने पूर्वीही विचारला होता आणि त्याला हेच उत्तर मिळाले होते. पण आज त्याला दुसरे उत्तर हवे होते. टेकडीच्या पायथ्याशी, धर्मशाळेच्या ओट्यावर, त्याची बहीण निरोपाची वाट पाहत बसली होती.

धामणखेडच्या माळावर ही एकच टेकडी आहे. दुरून पाहिले की कोणीतरी धान्याची रास घालून विसरून गेल्यासारखी दिसते. तिच्यावर बुवांचा मठ. मठात मूर्ती नाही. गच्चीवर एक दुर्बीण आहे. तिचा आरसा बुवांनी तरुणपणी स्वतः घासून तयार केला होता. पिंपावर एक जाड काच ठेवायची, तिच्यावर दुसरी, मध्ये बारीक पूड आणि पाणी. आणि पिंपाभोवती फिरत फिरत घासत राहायचे. माझ्या सगळ्या प्रदक्षिणा त्या पिंपालाच झाल्या, असे बुवा सांगत.

मठाची एक रीत होती. इथे नव्या शिष्याला मंत्र मिळत नसे. त्याला डोंगर मिळत असे. चंद्रावरचा एक डोंगर.

तो डोंगर दुर्बिणीतून पाहायचा. त्याच्यावर ऊन चढताना पाहायचा, ऊन उतरताना पाहायचा, आणि कागदावर उतरवायचा. उतरवण्याचीही रीत होती. डोंगराला पेन्सिल लावायची नाही. पेन्सिल भोवतालावर चालवायची. सावली भरायची, मैदान भरायचे, आणि डोंगराची जागा कोरी सोडायची. भोवताल नीट भरला की मधल्या कोऱ्या कागदावर डोंगर आपोआप उभा राहतो.

बुवा "झाला" म्हणाले की खांद्यावर पांढरे उपरणे येई. मग तो माणूस टेकडीचा. घर, गाव, नाती, सगळे खाली राही.

मठातले सर्वांत जुने शिष्य कान्होबा. त्यांना डोंगरांची अख्खी रांग मिळाली होती. शिखरे पाठ करता करता आपले दात पडले, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंड उघडून दाखवत.

श्रीपतीला मात्र एकच डोंगर मिळाला. चंद्राच्या उत्तरेकडच्या काळ्या मैदानात तो एकटा उभा आहे. पांढराशुभ्र. त्याच्यावर सकाळ होते तेव्हा त्याची सावली मैदानावर सुईसारखी लांब पडते.

पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा श्रीपतीच्या अंगावर काटा आला होता. बुवांनी आपल्याला बरोबर ओळखले, असे त्याला वाटले.

त्यानंतर तो पंगतीत बसेनासा झाला. ताट घेऊन खिडकीशी जाऊन बसे. कान्होबा वाढणाऱ्याला म्हणत, "आधी त्या डोंगराला वाढा रे. नाहीतर त्याची सावली आपल्या ताटात पडायची." सगळे हसत. श्रीपती हसत नसे.

चित्र तो सुंदर काढी. तो हात वडिलांचा होता. त्याचे वडील तालुक्याच्या गावी दुकानांच्या पाट्या रंगवत. आधी खडूची दोरी ताणून रेघ मारायची, मग श्वास धरून एका दमात अक्षर ओढायचे. श्रीपतीने ते लहानपणापासून पाहिले होते. कॉलेज संपल्यावर वडील म्हणाले, आता माझ्याबरोबर बस. श्रीपती म्हणाला, मी पाट्या रंगवायला जन्माला आलेलो नाही. वडिलांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतला, फडक्याने पुसला आणि डब्यात उलटा उभा करून ठेवला.

त्यानंतर श्रीपती टेकडीवर आला. पुन्हा घरी गेला नाही.

आज दुपारी अनसूया आली.

ती त्याची धाकटी बहीण. कडेवर मुलगी, खांद्याला पिशवी. श्रीपतीने तिच्या मुलीला पहिल्यांदाच पाहिले. मुलीचे नाव शेवंती. तिच्या केसांना अजून कात्री लागलेली नव्हती. ते कपाळावरून खाली आले होते आणि डोळ्यांत जात होते. अनसूयेने त्यांचा वर एक शेंडा बांधला होता, पण रबर सारखे घसरत होते. शेवंती मान मागे टाकून, हनुवटी वर करून, केसांच्या फटीतून जगाकडे पाहत होती.

अनसूयेने फार लांबण लावली नाही. परवा शेवंतीचे जावळ ठरले होते. त्यांच्याकडे बाळाचे पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात. केस जमिनीवर पडू देत नाहीत, कापडात झेलतात. शेवंती चालायला लागली, बोलायला लागली, तरी जावळ झाले नाही; कारण मामा आला नाही. चुलतभाऊ तयार होता. मामाच तो, सख्खा काय आणि चुलत काय, असे सगळे तिला समजावत होते. सासूबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, हिचा मामा काय चंद्रावर राहतो का?

"मग तू काय म्हणालीस?" श्रीपतीने विचारले होते.

"हो म्हणाले," अनसूया म्हणाली. "खोटं काय त्यात?"

तो तिला म्हणाला, मी आता कुणाचा मामा नाही, अनू. आज माझा डोंगर होईल. मला उपरणे मिळेल. मग मला टेकडी सोडून येता येणार नाही.

ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने मुलीच्या शेंड्याचे रबर काढले, पुन्हा बांधले. मग म्हणाली, उपरणे अजून मिळालेले नाही ना, मग संध्याकाळी सांग. मी थांबते. सकाळच्या एसटीने जाईन. आणि विचारले, एवढ्या लांब आले आहे तर दुर्बिणीतून पाहू देतात का?

संध्याकाळी येणाऱ्या कोणालाही बुवा पाहू देत. तसे त्याने सांगितले आणि तो कागद घेऊन वर आला.

बुवांनी "झाला" म्हटले असते तर त्याला खाली जाऊन "नाही" म्हणणे सोपे गेले असते. त्याचा डोंगरच त्याच्या वतीने बोलला असता.

पण डोंगर झाला नव्हता.

"बुवा, चूक कुठे आहे ते तरी सांगा."

"चूक नाही."

"मग?"

"अपुरं आहे."

श्रीपतीने कागद पुन्हा पुढे केला. त्याने सांगितले की तो नेहमी मठातले सर्वांत मोठे भिंग लावून पाहतो. डोंगराचा एकेक उतार त्याला पाठ आहे. कोणता खडक आधी उजळतो आणि कोणता मागून, हे तो डोळे मिटून सांगेल.

"मोठ्या भिंगातून केवढा दिसतो?" बुवांनी विचारले.

"सगळी काच भरते."

"हं…"

कठड्यावर एक मुंगी साखरेचा कण ओढत होती. बुवा तिच्याकडे पाहत राहिले.

ऊन माळावरून सरकत सरकत बांधापर्यंत गेले आणि विझले. आकाश अजून निळे होते. त्या निळ्यात, डोक्याच्या जरा दक्षिणेला, नवमीचा चंद्र फिकट दिसत होता. अर्ध्याहून थोडा जास्त.

जिन्यावर पावले वाजली. अनसूया वर आली. चपला तिने हातातच धरल्या होत्या. मठात कुठे काढाव्यात ते तिला कळले नसावे. बुवांनी तिला बसायला सांगितले, चपला कोपऱ्यात ठेवायला सांगितले, आणि मुलीकडे पाहून म्हणाले, "ही कोण?"

"शेवंती," अनसूया म्हणाली.

"आणि शेवंतीचा मामा कुठे आहे?"

बुवांनी सहजच विचारले. शेवंतीने हनुवटी वर केली, केसांच्या फटीतून शोधले, आणि आकाशातल्या चंद्राकडे बोट दाखवले.

अनसूया ओशाळली. "घरी तसंच दाखवतो तिला," ती म्हणाली. "दुसरं काय दाखवणार?"

श्रीपती दुर्बिणीवरचे कापड काढण्यात गुंतला होता. कापड केव्हाच निघाले होते. तो त्याची घडी घालत राहिला.

बुवा उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, थांबत थांबत. दुर्बिणीला श्रीपतीचे मोठे भिंग लावलेले होते. त्यांनी ते काढून त्याच्या हातात दिले. मग कोनाड्यातल्या डबीतून दुसरे भिंग काढले, बंडीच्या टोकाने पुसले आणि लावले.

श्रीपतीने ते भिंग ओळखले. मठात त्याला पाहुण्यांचे भिंग म्हणत. शाळांच्या सहली येत, बाजाराच्या दिवशी बायामाणसे येत, तेव्हा ते लावत. त्यातून काहीच फार मोठे दिसत नाही. चंद्राचा मोठा तुकडा एकदम दिसतो आणि पाहुणे खूश होऊन जातात. श्रीपतीने मठात आल्यापासून त्याला डोळा लावला नव्हता.

अनसूयेने मुलीला खाली ठेवले, पदर सावरला आणि वाकून पाहिले.

"दादा," ती डोळा न काढता म्हणाली, "तुझा डोंगर कुठला?"

"तुला काय करायचंय?"

"मला नाही. बाबांनी विचारायला सांगितलंय."

श्रीपतीने हातातले मोठे भिंग कठड्यावर ठेवले.

"चंद्र असला की अंगणात खुर्ची टाकून बसतात," अनसूया म्हणाली. "मी माहेरी गेले की मला विचारतात, श्रीपतीचा डोंगर कुठला गं? मी म्हणते, मला काय माहीत. मग म्हणतात, गेलीस तर विचारून ये. जागा कळली तरी पुरे."

खाली मठात कोणीतरी विहिरीचा रहाट फिरवत होते. त्याची कुरकुर गच्चीपर्यंत येत होती.

श्रीपती पुढे झाला. "सांगतो," तो म्हणाला. "डोळा हलवू नकोस. काळ्या तळाचा एक मोठा खड्डा दिसतो का? लांबट, अंड्यासारखा?"

"खूपच खड्डे आहेत रे."

"त्याचा तळ बाकीच्यांपेक्षा काळा आहे. आणि सपाट. उजेड आणि अंधार जिथे भेटतात, त्या रेषेवर."

"हां. हा दिसला."

"आता त्याच्याजवळच, पण अंधाराच्या आत, तीन-चार दिवे लागल्यासारखं काही दिसतं?"

"अगं बाई… दिसतंय. तिथं दिवे कुणी लावले?"

"दिवे नाहीत. टेकड्या आहेत, ओळीने. त्यांच्या शेंड्यांवर ऊन आलंय. पायथ्याशी अजून रात्र आहे. आता त्या टेकड्यांपासून उजेडाच्या बाजूला जरासं सरक. काळ्या खड्ड्याकडे जाऊ नकोस, मैदानातच राहा. तिथे एक पांढरा ठिपका आहे. तो."

"एवढासा?"

"हो."

"दादा, हा तर तांदळाचा दाणा आहे."

श्रीपतीला ते लागले. पण तो काही बोलायच्या आत मागून बुवांनी विचारले,

"श्रीपती, भोवती काय आहे?"

त्याने तोंड उघडले. "काही नाही" हे शब्द त्याच्या ओठांवर इतके बसलेले होते की ते येणारच होते.

ते आले नाहीत.

काळ्या तळाचा खड्डा. टेकड्यांची ओळ. आताच त्याने बहिणीला त्यांच्याच वाटेने डोंगरापर्यंत आणले होते. दुसरी वाटच नव्हती.

"जरा बघू," श्रीपती म्हणाला.

अनसूया बाजूला झाली. त्याने डोळा लावला. एवढ्यात चंद्र काचेच्या कडेला सरकला होता. त्याने नळीला बोटाने हलकेच ढकलून तो मध्ये आणला. आणि त्याला त्याचा डोंगर सापडेना.

मोठ्या भिंगात तो कधी शोधावा लागला नव्हता. इथे सगळीकडे उजेड, कडे, खड्डे, रेघा होत्या. त्याला आपलेच शब्द पुन्हा मनात म्हणावे लागले. काळा तळ. मग दिवे. मग उजेडाच्या बाजूला…

सापडला. तांदळाचा दाणा, आणि त्याला चिकटलेली केसाएवढी सावली.

तो तसाच पाहत राहिला. मैदान त्याला सपाट वाटत होते, नेहमीसारखे. पण ऊन फार तिरपे होते. थोड्या वेळाने त्या काळ्यात काहीतरी फुगीर दिसले. इतके पुसट की ते डोळ्यांतच असेल असे वाटावे. त्याने पापणी मिटली, उघडली. ते तिथेच होते. ओल्या कापडाखाली बांगडी ठेवावी आणि कापडावर तिचा गोल उमटावा, तसे.

तो गोल टेकड्यांच्या ओळीपाशी निघत होता. काळ्या खड्ड्याच्या जवळून वळत होता. आणि जिथे परत येऊन मिळत होता, तिथे, त्या गोलाच्या काठावरच, त्याचा डोंगर उभा होता.

"बुवा…"

"हं."

"इथे एक कडं आहे. पुसट आहे. डोंगर त्याच्यावर आहे. टेकड्याही त्याच्यावरच आहेत."

"असेल."

"हे पूर्वी नव्हतं."

"नव्हतं?"

श्रीपतीने डोळा काढला. मग त्याने अगदी हळू विचारले, हे काय आहे?

बुवा म्हणाले, फार फार पूर्वी तिथे डोंगरांचे गोल कडे होते, एकमेकांना लागून. मग लाव्हारस आला. सगळे मैदान भरले. कडे बुडाले. जे उंच होते ते वर राहिले.

"म्हणजे हा एकटा नाही."

"दिसतो एकटा."

"आणि बाकीचे?"

"खाली आहेत."

बुवा पुन्हा कठड्याला टेकून बसले.

"मग मोठ्या भिंगातून हे मला का दिसलं नाही?"

"त्यात डोंगर मावतो," बुवा म्हणाले. "कडं मावत नाही."

शेवंती एव्हाना कंटाळली होती. आई पाहते, तो माणूस पाहतो, आपल्याला कोणी पाहू देत नाही. ती श्रीपतीच्या धोतराला धरून उभी राहिली आणि ओढू लागली. अनसूया तिला उचलायला पुढे आली, पण तेवढ्यात त्यानेच तिला उचलले. लहान मूल कसे धरतात हे त्याला नीट माहीत नव्हते. त्याने तिला कळशीसारखे कडेवर घेतले.

"बघायचं?"

तिने मान हलवली. रबर घसरले आणि सगळे केस तिच्या डोळ्यांवर आले.

भिंगाला तिचा डोळा लागेना. मध्ये केस येत होते. ती कपाळ घाशी, मान झटके, पुन्हा केस. श्रीपतीने तिचे केस बोटांनी वर केले. ते पुन्हा घसरले. मग त्याने सगळा तळहातच तिच्या कपाळावर ठेवला आणि केस मागे धरून ठेवले. तिचे कपाळ गरम होते. केस रेशमाच्या लडीसारखे मऊ होते; आईच्या पोटातून आलेले, तसेच राहिलेले.

ती पाहू लागली. श्वास तिने रोखून धरला होता. कुणी शिकवले नव्हते.

श्रीपतीने तो रोखलेला श्वास ओळखला. वडील अक्षर ओढताना असाच धरत.

"काय दिसतं गं शेवंती?" अनसूयेने विचारले. मुलीला बोलायला वेळ नव्हता.

बऱ्याच वेळाने तिने डोळा काढला. तिच्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल उमटला होता. ती श्रीपतीकडे अगदी जवळून पाहू लागली, कारण त्याचा हात अजून तिच्या कपाळावर होता आणि केस मध्ये नव्हते. तिने त्याच्या दाढीला हात लावून पाहिला.

अनसूया हसली. आणि रोजच्या सवयीने, घरी विचारत असे तसे तिने विचारले, "मामा कुठे आहे आपला?"

शेवंतीने त्याच्या कडेवरून, त्याच्या खांद्यावरून हात लांब केला आणि चंद्र दाखवला.

श्रीपतीला वाटले, ती आता आपल्याकडे बोट करील. तो थांबला. तिचे बोट तसेच वर राहिले.

…

रहाटाची कुरकुर थांबली होती. माळावर दूर एका घरात दिवा लागला, मग शेजारच्या घरात.

"अनू," श्रीपती म्हणाला, "परवा किती वाजता आहे?"

अनसूया चपलांच्या कोपऱ्याकडे पाहत होती. तिला तिकडेच पाहावे लागत होते.

"सकाळी," ती म्हणाली. "ऊन व्हायच्या आत."

"मग उद्याच्या गाडीला जागा धरू."

"बाबांना सांगू का, तू येतोयस म्हणून?"

"नको," तो म्हणाला. "मीच सांगेन. जागाही मीच दाखवेन. साध्या डोळ्यांनी डोंगर दिसत नाही, पण जागा दिसते."

तो वळला आणि बुवांसमोर खाली बसला, मुलीला घेऊनच. ती आता त्याच्या मांडीवर बसून त्याच्या बंडीच्या बंदाशी खेळत होती. त्याने चित्राचा कागद जमिनीवर पसरला. डोंगराची जागा कोरी होती, पण तिच्याभोवती त्याने पेन्सिलीने एक ठसठशीत रेघ मारली होती, मठाची रीत मोडून. एवढे दिवस ती रेघ त्याला चुकीची वाटली नव्हती. त्याने खिशातून खोडरबर काढले आणि ती रेघ खोडून टाकली. मग पेन्सिलीच्या टोकाने, लागते न लागते असे, मैदानात एक पुसट वळण काढू लागला. ते अर्धे झाले असेल. शेवंतीने वरून आपला पंजा ठेवला आणि सगळे फासून टाकले.

"अगं, मामाचं चित्र," अनसूया म्हणाली.

"राहू दे," श्रीपती म्हणाला. त्याने तिचा हात धरून पाहिला. बोटे काळी झाली होती. तो पहिल्यांदाच हसला.

बुवा उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पांढऱ्या उपरण्याची घडी होती. कोरी होती; घडीच्या रेषांवर धूळ बसलेली होती. ती त्यांनी श्रीपतीसाठी कधीची काढून ठेवलेली असावी.

श्रीपतीने मान खाली घातली. खांदा पुढे केला.

बुवा त्याला ओलांडून गेले. त्यांनी उपरणे अनसूयेच्या हातात दिले.

"केस यात झेला," ते म्हणाले.

अनसूयेने उपरणे दोन्ही हातांत घेतले आणि कपाळाला लावले.

श्रीपतीची मान तशीच खाली होती. वर न पाहताच तो म्हणाला,

"बुवा, मी खाली गेलो तर… माझा डोंगर?"

बुवांनी पाहुण्यांचे भिंग काढले. बंडीच्या टोकाने पुसले. डबीत ठेवून झाकण लावले.

"तुझ्या अंगणातूनही तो एवढाच लांब आहे."